मंगळवारचं चिलखत

३ मार्च, सोमवार. रक्तदाब १४४/८८

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे की रोज रक्तदाब मोजायचा आणि वहीत लिहायचा. माझी थोरली बहीण यादविगा दुकानातून वही घेऊन आली, ती थेट दोनशे पानी. दोन आकड्यांसाठी एवढी पानं कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, "उरलेल्या पानांवर तुझ्या काळज्या लिही. माझे कान तरी सुटतील."

म्हणून लिहितो आहे. मी सातवीपर्यंत शिकलो आणि पुढे एकेचाळीस वर्षं डेअरीत लोणी काढलं, तेव्हा अक्षराला कुणी हसू नये. हसणार कोण, वाचणारच कुणी नाही. बायकोला जाऊन चौदा वर्षं झाली. तेव्हापासून यादविगा आणि मी एका घरात राहतो. तिला सांधेदुखी आहे, मला काळजी आहे. तसं बरं चाललं आहे.

काल मात्र माझ्या हातून एक गोष्ट घडून गेली. आमच्या गावच्या पडक्या किल्ल्याखाली जूनच्या शेवटच्या शनिवारी सहाशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा खेळ असतो. खरं चिलखत, बोथट तलवारी, आणि मार अगदी खरा. आमचं पथक दरवर्षी क्रूसवाल्या जर्मन सरदारांच्या बाजूने लढतं, कारण पांढरे झगे आमच्याकडे आहेत आणि कुणीतरी हरायला हवं. मी अकरा वर्षं पथकात आहे. लढत नाही. पाण्याच्या बादल्या आणि पट्ट्या घेऊन दोरीबाहेर उभा असतो.

काल बैठकीत पथकाचा म्होरक्या रादेक (हा एरवी दातांचा डॉक्टर) म्हणाला की यंदा एक माणूस कमी पडतो आहे. माझा हात वर गेला. मी नेला नाही, तो गेला. सगळे हसले. मग बघतात तर हात अजून वरच. मग कुणी हसेना.

रादेकने तीन अटी घातल्या. चिलखत स्वतःचं आणि उत्तम प्रतीचं हवं, तो स्वतः तपासणार. डॉक्टरांचा कागद हवा. आणि लढाईआधी रिंगणात तीन मिनिटं मार खात उभं राहून दाखवायचं. मी सदुसष्ट वर्षांचा आहे. पुढच्या वर्षी अडुसष्टचा होईन आणि मग कुणी अटीसुद्धा घालणार नाही. यंदा नाही तर कधीच नाही.

यादविगाला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "जर्मनांच्या बाजूने मरणार? आपले बाबा थडग्यात कूस बदलतील." मग थोड्या वेळाने म्हणाली, "लोखंडाखाली आतून काय घालतात?"

१४ मार्च, शुक्रवार. १४६/८८

टोप आला. घाई नको म्हणून सुरुवात टोपापासून करावी असं ठरवलं होतं आणि इंटरनेटवरून मागवला होता. पोस्टमन गुस्ताव घेऊन आला. तो आमच्याच पथकात लढतो, म्हणून उघडेपर्यंत दारातून हलेना.

दिसायला राजेशाही. वर लाल तुरा. गुस्तावने तो हातात घेतला, अंगठ्याने कपाळावर दाबला आणि पोचा पाडला. मी म्हटलं, तुझा अंगठा मोठा आहे. तेवढ्यात यादविगाने वाटाण्याच्या सूपमधला डाव उचलून टोपावर मारला. डाव शाबूत राहिला.

गुस्ताव म्हणाला की हे भिंतीवर टांगायचं चिलखत आहे, डोक्यावर घालायचं नव्हे. चिलखत हवं असेल तर देंबोव्होला ओटिलियाबाईंकडे जा. नवरा गेल्यावर कारखाना त्या एकट्या चालवतात. त्यांचं पोलाद आपण मेलो तरी मरत नाही.

१८ मार्च, मंगळवार. १५८/९४

देंबोव्होला बस चाळीस मिनिटं घेते. थांब्यापासून पुढे दोन किलोमीटर पायी. रक्तदाब त्या चालण्यामुळेच वाढला असणार.

कारखाना म्हणजे बसगाड्यांचं जुनं गॅरेज. ओटिलियाबाई माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान असाव्यात. दंड लोहाराचे, चष्मा शिक्षिकेचा. मी माझा टोप दाखवला. त्यांनी तो उलटा केला, आत हात घालून पाहिलं आणि विचारलं, "हा मी ठेवू का? एका कोंबडीला बसायला जागा हवी आहे."

मी त्यांना माझ्या सगळ्या काळज्या सांगितल्या. पत्रा जाड असेल तर मी चालणार कसा, पातळ असेल तर वाचणार कसा, श्वास कुठून घ्यायचा, पडलो तर उठवणार कोण, आणि शिंक आली तर काय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. असं कुणी ऐकत नाही. मग म्हणाल्या की पत्रा पातळच, पण पाणी दिलेलं पोलाद, भट्टीत लाल करून तेलात बुडवलेलं. वाकतं आणि परत सरळ होतं. शिंकेचं मात्र त्यांना विचार करून सांगावं लागेल.

मी माप द्यायला कोट काढला, तर म्हणाल्या, आज फक्त आतल्या डगल्याचं माप. गोधडीसारखा जाड डगला आधी शिवायचा, तो घालून मग पोलादाचं माप. म्हणजे पुढच्या मंगळवारी पुन्हा यायचं.

चिलखताच्या पैशांसाठी जुनी मोटारसायकल विकून टाकली. यादविगा म्हणाली बरं झालं, तीसुद्धा तुझ्यासारखी चालण्यापेक्षा खोकायची जास्त.

२५ मार्च, मंगळवार. १६०/९४

डगला घालून मापं झाली. दोऱ्याने घेतात, गाठी मारून. छाती, पाठ, काखेपासून कंबर, मान. मान तीनदा मोजली. मी विचारलं, मान बदलते का? त्या म्हणाल्या, "काहींची बदलते."

सफरचंदाचा केक दिला. चांगला होता.

एका गोष्टीवरून वाद झाला. मला सगळे पट्टे पुढच्या बाजूला हवे आहेत, म्हणजे माझं मी चढवीन आणि उतरवीन. कुणाला त्रास नको. त्यांनी साफ नकार दिला. या धाटणीच्या छातीच्या पत्र्याचे पट्टे पाठीवर फुलीसारखे येतात आणि बकल मागेच असतं. शतकानुशतकं असंच आहे. मी म्हटलं की मी एकटा माणूस आहे. त्या म्हणाल्या, "चिलखत कुणी एकट्याने घालत नाही हो. ज्यांनी घातलं ते सगळे मेले." मी म्हटलं, तसे बाकीचेही मेलेच. त्यावर त्या इतक्या हसल्या की हातोडी खाली ठेवावी लागली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते अजून कळलेलं नाही.

१ एप्रिल, मंगळवार. १५७/९२

डाव्या दंडाचं माप पुन्हा. मागच्या दोऱ्याची गाठ सुटली म्हणे. पनीरचा केक.

८ एप्रिल, मंगळवार. १६१/९५

आता दोन्ही गुडघे. आणि जाता जाता मान. मला शंका येऊ लागली आहे. चांगला कारागीर एकदा मोजतो. या बाईंना काही लक्षात राहत नाही, आणि यांच्या भरवशावर मी डोकं पुढे करणार आहे. केक मात्र खसखशीचा होता आणि अर्धा बांधून दिला. यादविगाने तो खाल्ला, बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि "हं" एवढंच म्हणाली.

१० एप्रिल, गुरुवार. १४०/८४

गुस्ताव पत्रं टाकायला आला होता. सहज विचारलं की ओटिलियाबाईंनी तुझं माप किती वेळा घेतलं. तो म्हणाला, एकदा. एका दुपारी. त्यानंतर चिलखत घरपोच.

मी चार वेळा जाऊन आलो. दुपारभर आरशासमोर उभा होतो. याचा अर्थ उघड आहे. माझं शरीर वाकडं आहे आणि बाई भल्या आहेत म्हणून बोलत नाहीत. एकेचाळीस वर्षं लोण्याच्या पिंपांवर वाकलो, दुसरं काय होणार? यादविगाला विचारलं मी वाकडा दिसतो का. ती म्हणाली, "शरीराने नाही."

१५ एप्रिल, मंगळवार. १५९/९३

सकाळी देंबोव्हो (उजवी मांडी), दुपारी डॉक्टरीणबाई. वही नेली, पण पानांवर हात ठेवून फक्त आकडे दाखवले. त्यांनी बोटाने खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मंगळवारी काय करता तुम्ही?"

मी सांगितलं. बस, दोन किलोमीटर, पोलाद, मापं, केक.

"केक कोण करतं?"

मी म्हटलं ओटिलियाबाईच करतात, पण गोडामुळे रक्तदाब वाढतो का? त्या म्हणाल्या अशा प्रकारे वाढला तर काही धोका नसतो. आणि कागदावर सही करून दिली. मी इतका घाबरून गेलो होतो की आधी आभार मानले आणि मग वाचलं. लढायला हरकत नाही असं लिहिलं आहे. एक अट सुटली. घरी येताना माझा थांबा चुकला आणि मी पुढच्या गावाहून चालत आलो, आणि वाटभर शीळ घालत होतो. मला शीळ येते हे विसरलोच होतो.

२१ एप्रिल, ओला सोमवार

रक्तदाब मोजला नाही, मनःस्थिती नाही.

ईस्टरचा दुसरा दिवस, त्यामुळे सकाळी पोरांनी पोरीबाळींवर ओतायला रस्त्यात पाण्याच्या बादल्या मांडल्या होत्या. बसमधल्या निम्म्या बायका भिजलेल्या आणि खूश, कोरड्या होत्या त्या तोंड पाडून बसलेल्या. मला छातीचा पत्रा पहिल्यांदा अंगावर चढवून बघायचा होता. ओटिलियाबाईंनीच सोमवारी या असं सांगितलं होतं. सणाच्या दिवशी कोण काम करतं, पण म्हटलं बाईंना घाई असेल.

त्या अंगणात उभ्या होत्या. फुलाफुलांचा पातळ झगा, केस मोकळे, आणि बाहेर जेमतेम दहा अंश. शेजारी पाण्याने काठोकाठ भरलेली बादली. आणि तीन पावलांवर, टेबलावर, माझा छातीचा पत्रा, नुकता घासलेला, तेलसुद्धा न लावलेला.

मी बादली ताबडतोब उचलून गॅरेजच्या मागे नेऊन ठेवली. मग त्यांना समजावलं की उघड्या पोलादाजवळ पाणी ठेवणं किती वाईट, एक थेंब पडला तरी संध्याकाळपर्यंत गंज धरतो, आणि हे मी त्यांना सांगावं याचंच मला आश्चर्य वाटतं. आणि या हवेत असा झगा घालू नये, गेल्या महिन्यात त्यांना खोकला झाला होता.

त्यांनी पत्रा चढवला, चारदोन खुणा केल्या, उतरवला. आज केक नाही.

घरी येऊन यादविगाला सांगितलं. ती खुर्चीवर बसली. "तिच्यावर पाणी टाकलं नाहीस?"

मी म्हटलं, पोलाद उघडं होतं.

"बादली उचललीस, आणि टाकलं नाहीस?"

"मागे नेऊन ठेवली."

यादविगाने डोळे मिटून घेतले. म्हणाली की आपल्याकडे ओल्या सोमवारी बाईला कोरडं ठेवून निघून जाणं म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणं, हे तुला सदुसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नाही का. मला माहीत आहे. पण ते पोरींचं झालं. गिऱ्हाइकाने कारागिरावर पाणी टाकायचं हे कुठल्या गावात चालतं?

२९ एप्रिल, मंगळवार. १३२/८०

ओटिलियाबाईंचा फोन. मापं सगळी झाली आहेत, आता यायची गरज नाही. मे महिन्याच्या शेवटी चिलखत पोस्टाने येईल. एवढंच. मी शिंकेचं विचारलं, तर म्हणाल्या, शिंकू नका.

चांगलंच झालं. बस नाही, चालणं नाही, रक्तदाब बघा कसा खाली आला. मंगळवार रिकामा झाला. खिडक्यांना रंग द्यावा म्हणतो.

६ मे, मंगळवार. १३०/७८

खिडक्या रंगवल्या. जेवण जात नाही. रंगाच्या वासामुळे असेल.

१३ मे, मंगळवार. १२८/७८

रंगाचा वास गेला. जेवण अजून जात नाही. यादविगाने डुकराच्या मांसाचे कटलेट केले होते, एक खाल्लं. ती म्हणाली, "वजन बघ तुझं. मी भाचीच्या लग्नाला शिवलेली विजार तुला पुन्हा होईल." उगाच थांब्यापर्यंत चालत गेलो आणि बस जाताना पाहिली.

२३ मे, शुक्रवार. मोजायला वेळ नाही

आलं!

गुस्तावने दोन खोकी ओढत आणली आणि म्हणाला, बाकी गावाला आजची पत्रं उद्या मिळतील. टोप, छाती, दंड, कोपरं, मांड्या, गुडघे, नडग्या, लोखंडी हातमोजे. एकेक बोट वेगळं हलतं, माशाच्या शेपटीसारखं. यादविगाने डावाने मारून पाहिलं. डावाचा दांडा तुटला. मी तिला मिठी मारली आणि ती ओरडली की हातातल्या दंडाच्या पत्र्याची कड टोचते आहे.

चढवायला दीड तास लागला. पाठीवरचं बकल यादविगाने दुखऱ्या बोटांनी कसंबसं लावलं, आणि मग ती रस्त्याकडेच्या देवळीपाशी निघून गेली, कारण मे महिन्यात संध्याकाळी बायका तिथे मेरीची गाणी म्हणतात आणि वरचा सूर तिच्याशिवाय लागत नाही. मी घरात चालून पाहिलं. अंगभर घंटा वाजल्यासारखं वाटतं. कपाटाला नमस्कार केला. आरशासमोर इतका वेळ होतो की ते इथे लिहीत नाही.

मग उतरवायला गेलो, तर हात पाठीवर पोचेना. दारात पाठ घासली, खुंटीला बकल अडकवलं, काही नाही. आणि तेवढ्यात लघवीला लागली.

यादविगा गाणं अर्धवट सोडणारी नव्हे, ती तासाभराने येणार. गुस्ताव गेलेला. एकच उपाय होता. मी गावातून चालत रादेकच्या दवाखान्यात गेलो. ती गाणी म्हणणाऱ्या बायकांनी मला पाहिलं आणि एक कडवं पूर्ण बुडालं, पण यादविगाचा सूर हलला नाही. दवाखान्यात तीन पेशंट बसले होते. एक बाई म्हणाली, "आजोबा, दात काढायला घाबरतं माणूस, पण इतकं?" रादेकने खुर्चीतल्या माणसाचा जबडा तसाच उघडा सोडला आणि बकल काढलं. त्या माणसाने तोंड उघडं ठेवूनच टाळ्या वाजवल्या.

मी वेळेत पोचलो. बाकी काय लिहू, आयुष्यात इतकं कधी हसलो नव्हतो. फक्त एक वाटतं, या चिलखताच्या पाठीवर एक माणूस हवा, हे बाईंनी सांगितलं होतं. त्यांना फोन करून चिलखत पोचल्याचं सांगितलं. म्हणाल्या, बरं.

१ जून, रविवार. १३६/८२

परीक्षा झाली. रादेक एका बाजूने, गुस्ताव दुसऱ्या बाजूने, तीन मिनिटं. टोपाच्या आत स्वतःचा श्वास रेल्वेच्या इंजिनासारखा ऐकू येतो. गुस्ताव मारताना दर वेळी "माफ करा" म्हणत होता, त्याचा मला राग आला आणि मी त्याला एक दिली. पडलो नाही. गुडघे भीतीने असे आखडले होते की पडायला वाकावं लागतं तेच जमेना.

पण मग रादेकने माझ्या छातीच्या पत्र्यात हात घातला. नियम असा की पत्रा आणि डगला यांत दोन बोटं जावीत. त्याचा अख्खा पंजा आत गेला. वर-खाली हलवला तर खळखळ आवाज. तो म्हणाला, "झिगमुंटकाका, असं नाही सोडता येणार. सरकलेल्या पत्र्याची कड गळ्यात बसते. हे तुमच्या अंगाबरोबर बसवून आणा, नाहीतर पुन्हा बादल्या."

वजन केलं. मार्चमध्ये चौऱ्याण्णव होतो, आता शहाऐंशी. अठ्ठावीस तारखेला चार आठवडेसुद्धा उरलेले नाहीत. आणि ते काम करणारी बाई एकच, तीही माझ्याशी धड बोलत नाही.

यादविगा म्हणाली, "मंगळवारी जा. आणि मी सांगते ते करायचं, का म्हणून विचारायचं नाही." तिने काय सांगितलं ते इथे लिहायला लाज वाटते.

३ जून, मंगळवार. १६८/९८

क्रमाने लिहितो.

दोन पोत्यांत चिलखत भरून बसने गेलो. ओटिलियाबाईंनी मान हलवली आणि पत्रा चढवायला लावला. पाठीमागे उभं राहून बकल लावलं, हात आत घातला, आणि थांबल्या. "मी चुकले नाही," म्हणाल्या. मी म्हटलं तुम्ही नाही, मीच कमी झालो.

"आजारी होता?"

"नाही. नुसतं जेवण जात नव्हतं. तुमचा तो फोन आला ना, यायची गरज नाही म्हणून, तेव्हापासून. बहुतेक खिडक्यांच्या रंगाने."

त्या पाठीमागेच होत्या, त्यामुळे चेहरा दिसला नाही. बराच वेळ बकलशी काहीतरी करत होत्या. मग कोंबड्यांना दाणे टाकायला म्हणून बाहेर गेल्या.

मी पाठोपाठ गेलो, पत्रा अंगावर तसाच. पंपाखाली बादली होती. यादविगाने सांगितल्याप्रमाणे ती भरली, अगदी काठोकाठ, उचलली आणि ओटिलियाबाईंच्या डोक्यावर ओतली. पूर्ण दहा लिटर. कोंबड्या चहूकडे उडाल्या.

त्या हलल्या नाहीत. चष्मा काढला, त्यातलं पाणी झटकलं, परत लावला. म्हणाल्या, "सहा आठवडे उशीर झाला."

मी म्हटलं, बसच्या वेळा फार वाईट आहेत.

मग त्यांनी बादली माझ्या हातातून घेतली, शांतपणे भरली, आणि माझ्या पत्र्याच्या उघड्या गळ्यातून सगळी आत ओतली. जूनच्या तीन तारखेला विहिरीचं पाणी किती गार असतं ते डगल्याला विचारा. मी किंचाळलो. त्या हसता हसता खाली बसल्या, मीही बसायला गेलो आणि उताणा पडलो, आणि मला उठवायला गेल्या तर त्याही पडल्या.

दुपारभर सगळं सुटं करून पुसत आणि तेल लावत बसलो. एका कापडाची दोन टोकं, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. पत्र्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "पोलाद पुन्हा भट्टीत घातलं तर त्याला दिलेलं पाणी जातं. त्यापेक्षा तुम्हाला भरणं सोपं आहे. रोज यायचं आणि जेवायचं."

म्हणजे कामाचं जमलं. तेच महत्त्वाचं. रक्तदाबाचं मात्र कळत नाही.

११ जून, बुधवार. १६२/९५. वजन अठ्ठ्याऐंशी

बटाट्याच्या सारणाचे, करंजीसारखे उकडलेले पिएरोगी सव्वीस. त्या मोजतात.

१९ जून, गुरुवार. १६०/९४. वजन नव्वद

ख्रिस्ताच्या देहाच्या सणाची चर्चची मिरवणूक उरकली आणि बदकाचं मांस. आज यादविगालाही बोलावलं होतं. दोघी स्वयंपाकघरात दार लावून तासभर हसत होत्या. मी बाहेर कोंबडीशी बसलो. इंटरनेटच्या टोपात आता पिल्लं आहेत.

२७ जून, शुक्रवार. वजन ब्याण्णव

तपासणी झाली. रादेकची दोन बोटं गेली, तिसरं अडलं. शिक्का मिळाला. उद्या दुपारी अडीच वाजता.

घाबरलो आहे. स्पष्टच लिहितो, मार लागेल म्हणून नाही. अकरा वर्षं दोरीबाहेरून पाहिलं की आतले लोक बाहेर आल्यावर वेगळेच दिसतात. मी आत जाईन आणि तसाच बाहेर येईन, याची भीती आहे. पण ही भीती वाईट नाही, शाळेची सहल निघताना वाटायची तशी. सहलीला मी दोनदाच गेलो होतो.

ओटिलियाबाई सकाळी पहिल्या बसने येणार, बकल लावायला.

२९ जून, रविवार

हे अक्षर माझं नाही. उजव्या अंगठ्याला प्लास्टर आहे, म्हणून मी सांगतो आहे आणि ओटिलियाबाई लिहीत आहेत. मी सांगेन तेवढंच लिहायचं, असं ठरलं आहे.

(असं काही ठरलेलं नाही. – ओटिलिया)

काल मैदानात दोन्हीकडून बारा-बारा माणसं होती. मी डाव्या टोकाला. तुतारी झाली आणि समोरून शेजारच्या गावचा खाटीक आला, जो मागच्या वर्षी आमच्या चौघांना एकटा झोपवून गेला होता. मी डोळे मिटले नाहीत.

(टोपातून दिसत नाही, मान्य केलं.)

त्याने मला पाच-सहा मारल्या. पोलाद वाजलं, वाकलं, परत सरळ झालं. मी त्याला एक मारली. मग तलवारीने काही होत नाही हे कळल्यावर ती टाकली आणि त्याच्या कमरपट्ट्याला दोन्ही हातांनी धरून लोंबकळलो. तो गरगर फिरला, मला झटकायला बघत होता, पण डेअरीची पिंपं याहून जड असत. शेवटी दोघंही पडलो. दोघंही बाद. अंगठा त्याच्याखाली होता. एकूण चार मिनिटं लढलो.

(एक मिनिट दहा सेकंद. मी मोजत होते.)

आमचं पथक हरलं. दरवर्षी हरतं. पण खाटीक पडला हे पाहून लोक इतके ओरडले की किल्ल्यावरचे कावळे उडाले. मी उताणा पडून हसत होतो. बाहेरच्यांना वाटलं मी गुदमरतो आहे. ओटिलियाबाई दोरी ओलांडून आत आल्या, जे नियमाविरुद्ध आहे. रादेकने अडवलं तर त्याला काहीतरी बोलल्या.

(काही बोलले नाही. बाजूला केलं. पुढचं ते सांगत नाहीत, मी लिहिते. टोपाची झडप उघडली तर आत तोंड टोमॅटोसारखं लाल आणि डोळ्यांत पाणी. विचारलं, लागलं का? तर म्हणाले, "आज शनिवार ना? मंगळवार फार लांब आहे हो." मी तीन दिवस थांबायचं नाही असं सांगितलं. यादविगा दोरीपलीकडून "अखेर" असं ओरडली. ती ओरडली नाही असं ती म्हणते, पण सगळ्या मैदानाने ऐकलं.)

हे मी बोललो होतो? मला आठवत नाही. डोक्याला मार होता. खोडा ते.

(खोडणार नाही.)

बाई विचारतात की आतून बाहेर आल्यावर वेगळं वाटतं का. मी म्हटलं अंग सगळीकडे दुखतं, आणि आज सकाळी यादविगाने आरसा दिला तर त्यात मीच होतो, पण मला बघून बरं वाटलं. एवढं लिहा. आणि मागची पानं उलटू नका, तिथे नुसते रक्तदाबाचे आकडे आहेत.

(मागची पानं मी वाचलेली नाहीत. फक्त मार्च आणि एप्रिलमध्ये बरंच काही चुकीचं लिहिलं आहे, तेवढं सवडीने दोघं मिळून दुरुस्त करू.)

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वही रोज लिहिलीच पाहिजे, प्लास्टर असलं तरी. तोवर ओटिलियाबाई रोज येऊन लिहितील. आता शेवटचं. अंगठा तीन आठवडे हलवायचा नाही, असं लिहा.

(डॉक्टर तीन आठवडेच म्हणाल्या होत्या. मी सप्टेंबरपर्यंत असं लिहिते आहे.)